तुमच्या जुन्या बाथरूमचा पत्ता काय?

ऑफिसात लंच टाइमला हल्ली दोनच विषय रंगतात. कोणाला किती इन्क्रिमेंट मिळालं, आणि कोणी घराचं काम काढलंय. पहिला विषय कुजबुजत, दुसरा अगदी मोठ्याने! काम काढलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. केसांत सिमेंटची बारीक पूड, कानाला मोबाइल, आणि त्या मोबाइलमध्ये पोटच्या पोरापेक्षा टाइल्सचे फोटो जास्त. डब्यातली भेंडी खाता खाता तो फोन तुमच्या नाकासमोर धरतो आणि विचारतो, ‘‘मॅट बरी की ग्लॉसी?’’ व्हिट्रिफाइडचे सतरा प्रकार त्याला पाठ असतात. कुठल्या दुकानात नळांवर किती डिस्काउंट सुटतो, तेही पाठ असतं.

एकच गोष्ट त्याला सांगता येत नाही. जुनं बाथरूम गेलं कुठे?

हसू नका. प्रश्न साधा आहे. परवापर्यंत चौथ्या मजल्यावर एक बाथरूम होतं. निळ्या टाइल्स, तडा गेलेलं बेसिन, सगळं जिथल्या तिथे. तीन दिवसांत ते नाहीसं झालं. हवेत विरलं नाही, गटारात वाहून गेलं नाही (निदान सगळं तरी नाही). मग गेलं कुठे?

आधी वजन करू या. सहा फूट बाय पाच फूट, म्हणजे आपल्या मुंबईतलं चारचौघांसारखं बाथरूम. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स. दरवाजा वजा केला तर भिंती आणि जमीन मिळून १७० चौरस फुटांच्या आसपास भरतं. टाइल कधी एकटी निघत नाही. मागचा सिमेंटचा थर आणि प्लास्टर सोबत घेऊनच ती खाली येते. शिवाय बाथरूमचा स्लॅब थोडा खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा भराव असतो. गळती काढायची तर तोही उपसावा लागतो. सगळं मिळून दोन टनांचा मामला होतो. दोन छोट्या मोटारींहून थोडं जास्तच! गोणीत तीसेक किलो भरायचं म्हटलं (त्यापेक्षा जड गोणी खांद्यावर घेऊन जिना कोण उतरेल?), तर साठ-सत्तर गोण्या होतात. एका बाथरूमच्या.

मुंबईत याला डेब्रिज म्हणतात, पुण्यात राडारोडा. नाव काहीही घ्या, शहरात रोज निघणाऱ्या या ढिगात तुमच्या-माझ्या बाथरूमपासून जमीनदोस्त होणाऱ्या सातमजली इमारतीपर्यंत सगळे वाटेकरी आहेत.

ज्याला भाव, त्याला गिऱ्हाईक

एक गंमत सांगते. घराचं काम निघालं की पहिल्या तासाभरात भंगारवाल्याला वास लागतो. जुना गीझर, पितळी नळ, लोखंडी पाइप, अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी, सगळ्याला गिऱ्हाईक हजर. दरवाजा सागवानी निघाला तर विचारूच नका. तुमच्या हातात दोन पैसे पडतात, त्याला चार मिळतात आणि वस्तू पुन्हा वापरात येते. रिसायकलिंग हा शब्द आपल्या कॉर्पोरेट प्रेझेंटेशनमध्ये यायच्या कितीतरी आधीपासून भंगारवाले तेच करत आलेत.

अख्खी इमारत पाडायची असेल तर याहून मजा. आपल्याला वाटतं, पाडणाऱ्याला पैसे द्यावे लागत असतील. मुंबईत पुष्कळदा उलटं असतं. पाडणारा ठेकेदारच पैसे मोजून काम घेतो, कारण सळया, गर्डर, दारं-खिडक्या, लाद्या हा त्याचा माल असतो. चाळीतलं जुनं लाकूड ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पॉलिश होऊन कोणाच्या तरी कॅफेमध्ये ‘विंटेज’ म्हणून मिरवतं.

म्हणजे ज्याला भाव आहे ते कधीच वाया जात नाही. मागे उरतं ते भाव नसलेलं. विटा, प्लास्टर, काँक्रीटचे तुकडे, फुटक्या टाइल्स. वजनाने हेच सगळ्यांत जास्त, आणि याच्यासाठी तुमच्या दारात कोणी येत नाही. उलट ते न्यायला तुम्हालाच पैसे मोजावे लागतात. सगळी गोची इथेच आहे.

खाडीचा रेट

यंदा मी माझ्या मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये बाथरूमचं काम काढलं. कॉन्ट्रॅक्टरने कोटेशन आणलं. टाइल्सची मजुरी, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, सगळं ओळीवार. सगळ्यात शेवटी ‘डेब्रिज, लमसम’.

‘‘डेब्रिज कुठे जाणार?’’ मी विचारलं.

‘‘ते आमच्यावर सोडा ना ताई. एकदम साफ करून देणार. एक खडा दिसला तर बोला.’’

‘‘साफ कराल हो, पण टाकणार कुठे?’’

‘‘टेम्पोवाला नेतो.’’

‘‘आणि टेम्पोवाला कुठे नेतो?’’

‘‘तो बघतो त्याचं.’’

मी हट्टालाच पेटले. शेवटी त्याने टेम्पोवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो माणूस मात्र बिनधास्त निघाला. ‘‘खाडीला टाकला तर दोन तासांत गाडी मोकळी. दिवसाला तीन ट्रिपा मारतो. कायदेशीर जागेवर न्यायचं तर ट्रॅफिक आहे, वजनकाटा आहे, लाइन आहे. एका ट्रिपमध्ये दिवस खलास. तो दिवस कोण भरून देणार? तुम्ही?’’

मला राग आला नाही, कारण हिशेब चोख होता. त्या ‘लमसम’मध्ये खाडीचा रेट होता, कायदेशीर जागेचा रेट नव्हताच. आपण तीन कोटेशनं मागवतो आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त निवडतो. स्वस्त का आहे, ते कोणी विचारत नाही. गाडी रात्री कुठल्या रस्त्याने जाते, हे त्या शेवटच्या ओळीतच ठरलेलं असतं.

आणि खाडीच्या काठावर टाकलेल्या डेब्रिजला गिऱ्हाईक नसतं, असंही नाही बरं का! तिथे त्याचं नाव बदलतं. तिथे तो ‘भराव’ होतो. चिखलाची जमीन भरली की आधी गाड्या उभ्या राहतात, मग पत्र्याची शेड येते, मग आणखी काही. आपल्या दृष्टीने कचरा, कोणाच्या तरी दृष्टीने फुकटची जमीन. समुद्र हटवून वसलेल्या शहरात राहतो आपण. भराव घालणं मुंबईच्या रक्तातच आहे म्हणा ना. पण सात बेटं जोडताना जे झालं ते झालं. आज भरायला जी जागा उरली आहे, ती मोकळी नाही. तिथे तिवरं आहेत.

खाडी बिल पाठवते

तिवराची झाडं कधी जवळून पाहिलीत? ऐरोलीच्या बाजूला खाडीकाठी ओहोटीला गेलात तर चिखलातून पेन्सिलीसारखी हजारो टोकं वर आलेली दिसतील. ती मुळं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्यावर दोन फूट डेब्रिज पडलं की झाडाचं नाक दाबलं गेलं. झाड कापायची गरजच नाही. भरतीचं पाणी आत यायचं थांबतं, झाडं उभ्या उभ्या सुकतात आणि मग कोणीही म्हणू शकतं, ‘‘इथे कुठे जंगल आहे?’’

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटी तोडायला आणि तिच्यावर डेब्रिज टाकायला मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते पुन्हा ठणकावून सांगितलं. पन्नास मीटरचा संरक्षित पट्टाही आहे. कायदा नाही, अशी सबब कोणालाच नाही.

२००५ हे साल आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात आहे ते वेगळ्या कारणाने. २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. इतका पाऊस कुठल्याही शहराला झेपला नसता, हे खरंच. वर समुद्राला भरती. पण पाणी जाणार होतं त्या मिठीचं पात्र भराव आणि अतिक्रमणांनी आक्रसलेलं होतं, नाले बुजलेले होते, पाणी पसरायच्या जागा भरून टाकलेल्या होत्या. त्या रात्री जे रुळांवरून चालत घरी गेले, त्यांना भराव म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

पैशातच बोलायचं तर तेही बोलू. २९ फेब्रुवारी २०१६ ला उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. कारण? शहराकडे कचरा टाकायला धड जागा नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं होतं आणि धूर अख्ख्या शहराने गिळला होता. दोन वर्षं अडकलेल्या प्रकल्पांना मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट करून दिली, तीही आधी सहा महिन्यांपुरती. अट अशी होती. डेब्रिज ठरवून दिलेल्या जागीच गेलं पाहिजे. नवा फ्लॅट बुक करून बसलेल्यांसाठी डेब्रिज हा तेव्हा चक्क ईएमआयचा प्रश्न झाला होता!

दगडाचा पुन्हा दगड

मग या डेब्रिजचं करायचं काय? उत्तर कंटाळवाणं वाटेल इतकं सोपं आहे. फोडायचं, चाळायचं, धुवायचं आणि पुन्हा वापरायचं. प्रक्रिया केंद्रात गाडी आधी वजनकाट्यावर जाते. मग लाकूड, प्लास्टिक, चिंध्या हाताने वेचतात. लोखंड चुंबक ओढून घेतो. उरलेलं क्रशरमध्ये जातं आणि चाळण्यांवरून खडी, बारीक खडी, वाळू असं वेगळं होऊन बाहेर पडतं. त्यातून फुटपाथचे पेव्हर ब्लॉक, कडेचे दगड, साध्या भिंतींचे ब्लॉक बनतात.

दिल्लीने हे आपल्याआधी केलं. बुराडीला २००९ मध्ये देशातलं असं पहिलं केंद्र सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाची नवी जोडइमारत २०१९ मध्ये उघडली, तिच्या बांधकामात डेब्रिजपासून बनवलेले लाखो ब्लॉक वापरले गेले. आपल्याकडे मुंबई महापालिकेसाठी दोन केंद्रं उभी राहिली, एक दहिसरला कोकणीपाड्यात, दुसरं शिळफाट्याजवळ डायघरला. प्रत्येकाची क्षमता रोज ६०० टन.

‘पण असल्या मालाचं बांधकाम टिकेल का?’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. माझ्याही आला. भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत याचं सरळ उत्तर आहे. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. सळया घातलेल्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत, तेही एम २५ ग्रेडपर्यंतच. पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये तर पूर्ण १०० टक्के. मर्यादा घातली आहे, कारण या खडीला जुना सिमेंट चिकटलेला असतो आणि ती पाणी जास्त पिते. म्हणजे तुमच्या टॉवरचे कॉलम तिच्यावर उभे करायला कोणी सांगत नाही. सोसायटीच्या आवारातला पेव्हर ब्लॉक मात्र खुशाल तिचा असू शकतो.

आणि त्या एकेका ब्लॉकमागे डोंगराचा एक तुकडा वाचतो. पारसिकच्या डोंगराचे लचके ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेत. नवी खडी अशाच डोंगरांतून येते. एकीकडे डोंगर फोडून खडी आणायची आणि दुसरीकडे तीच खडी खाडीत लोटायची, याला काय म्हणावं?

नियमही आहेत. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टन डेब्रिज काढणाऱ्यांना ते वेगवेगळं करायला आणि विल्हेवाटीचा आराखडा द्यायला सांगितलं. सरकारी आणि पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के असा माल वापरावा, असंही त्यात होतं. २०२५ मध्ये नवे नियम आले, अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. त्यांत २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर निघालेल्या कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारीच टाकली आहे.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं, बिल्डर बघून घेईल. पण तुमचं बाथरूम दोन टनांचं. ते या मोठ्या आकड्यांत कुठेच बसत नाही. छोट्या माणसाने डेब्रिज रस्त्यावर, नाल्यात टाकू नये, ते नेमलेल्या जागीच द्यावं, असं २०१६ च्या नियमांतही होतं. पण त्याच्या मागे आराखडा मागायला कोणी येत नाही. त्याला विचारणारं एकच माणूस असतं. तो स्वतः.

तर मंडळी, करायचं काय?

मी काय केलं ते सांगते. त्यातलं जमेल ते उचला.

पहिलं म्हणजे कमी फोडा. जुन्या टाइल्स घट्ट असतील, ठोकल्यावर पोकळ वाजत नसतील आणि गळती नसेल, तर त्यावरच चिकटद्रव्याने नव्या टाइल्स बसवता येतात. दरवाजा घासणार नाही ना, उतार बिघडणार नाही ना, एवढं बघून घ्या. माझ्याकडे खालच्या काकूंच्या छतावर ओल आली होती, त्यामुळे सगळं फोडण्याला पर्याय नव्हता. पण स्वयंपाकघर वाचलं.

दुसरं, वेगळं करा. विटा-काँक्रीट-टाइल्स एका बाजूला, लाकूड-प्लास्टिक दुसऱ्या बाजूला. पीओपीची फॉल्स सीलिंग तोडत असाल तर ती गोणी अगदी निराळी ठेवा. त्यातला जिप्सम सिमेंटचा वैरी आहे, सगळा माल बिघडवतो. सिमेंटचे जुने पत्रे फोडू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ट्यूबलाइट गोणीत घालू नका. मजुरांना हे पहिल्या दिवशीच सांगायचं. हातोडा चालल्यावर सांगून काही उपयोग होत नाही.

तिसरं, पालिकेला फोन करा. मुंबईत ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा आहे. २०२५ मध्ये पालिकेने ५०० किलोपर्यंत घरगुती डेब्रिज फुकट उचलण्याचं जाहीर केलं होतं. त्यापुढे पैसे पडतात. आजचे दर आणि अटी वॉर्ड ऑफिसात विचारून घ्या. मुंबईबाहेर राहत असाल तर तुमच्या पालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा.

खरी लढाई मात्र सोसायटीत झाली. गाडी येईपर्यंत गोण्या ठेवायच्या कुठे? सेक्रेटरीकाकांनी पहिल्या दमात नाही म्हटलं. ‘‘आज तू ठेवशील, उद्या सगळे ठेवतील!’’ मी म्हटलं, ‘‘काका, तेच तर हवंय. सगळ्यांनी एकाच जागी ठेवलं तर गाडीही एकच लागेल.’’ काका गप्प झाले, पण मानले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींचंही किचनचं काम निघणार होतं. आम्ही दोघांनी लेखी दिलं. तीन दिवस, जनरेटरच्या मागची जागा, वर ताडपत्री, आणि जागा झाडून देण्याची जबाबदारी आमची. मग होकार आला.

कॉन्ट्रॅक्टरने ‘लमसम’ खोडून दोन ओळी लिहिल्या. गोण्या भरून खाली उतरवणं, एवढे. पालिकेच्या गाडीचे, तेवढे. टेम्पोच्या जुन्या रेटपेक्षा खर्च वाढला, हे लपवत नाही. पण पूर्ण कामाच्या बिलात तो काउंटरटॉप बेसिनपेक्षा कमीच होता, आणि बेसिनवर मी घासाघीस केली नव्हती! जाताना कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘‘ताई, पैसे कोण देत असेल तर आपल्याला काय, कुठे पण नेऊ.’’ त्याला खाडीचं प्रेम नाही की राग नाही. गिऱ्हाईक जी ओळ मागेल ती तो लिहितो.

म्हणून पुढचं कोटेशन हातात आलं की शेवटच्या ओळीपासून वाचा. ‘डेब्रिज, लमसम’ दिसलं की पेन काढा आणि जागेचं नाव लिहून मागा. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये आवाराच्या फरशीचा विषय निघाला, तर पुनर्वापराच्या पेव्हर ब्लॉकचंही एक कोटेशन मागवा. केंद्रात फोडलेल्या खडीला गिऱ्हाईक मिळालं, तरच गाड्या खाडीऐवजी तिकडे वळणार आहेत. आमच्या सोसायटीत हा विषय पुढच्या महिन्यात येतोय. सेक्रेटरीकाका विरोधात आहेत, जोशी माझ्या बाजूने. तुमच्याकडे कोणी हे जमवलं असेल तर कसं जमवलं ते कळवा. मीटिंगच्या आधी कळवलंत तर फारच बरं!